पैसे कशाचे?

बँकेतल्या बाईंनी फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि एका रिकाम्या चौकोनावर पेनचं टोक टेकवलं. “इथे कोड टाका.” कसला कोड? “पैसे कशाचे आहेत, त्याचा.” मी म्हटलं, भाषांतराचे. त्यांनी काचेखालची छापील यादी वरून खाली, खालून वर पाहिली. सॉफ्टवेअर होतं, जाहिरात होती, वकिली होती, वास्तुरचना होती. शेवटी आम्ही दोघांनी मिळून मला ‘इतरत्र न मोडणाऱ्या सेवां’च्या कोनाड्यात बसवलं. वीस वर्षं हे काम करतोय. आपण इतरत्र मोडत नाही, हे त्या दिवशी कळलं.

यादी रिझर्व्ह बँकेची. बाहेरून येणाऱ्या रकमेच्या कोडची सुरुवात ‘पी’ने, बाहेर जाणाऱ्याची ‘एस’ने. मला वाटायचं पी म्हणजे पेमेंट. तसं नाही. पी म्हणजे परचेस आणि एस म्हणजे सेल, म्हणजे खरेदी-विक्री, आणि तीही बँकेच्या बाजूनं. आपण म्हणतो पैसे आले. बँकेच्या लेखी तिनं आपल्याकडून डॉलर विकत घेतले. विकणाऱ्याला माल कुठून आणलास असं विचारायचंच, असा एकूण हिशेब.

*

२०१० साली पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या कंपनीनं भारतातली ‘वैयक्तिक’ देवाणघेवाण बंद केली. त्याआधी परदेशातला गिऱ्हाईक आणि परदेशातली आत्या एकाच दारानं आत यायची. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं साधं होतं. धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे यांचे कायदे वेगळे, परवाने वेगळे, तेव्हा एका पाइपातून दोन्ही सोडू नका. नोव्हेंबर २०१० मध्ये परिपत्रक निघालं आणि अशा ऑनलाइन मार्गानं येणाऱ्या निर्यातीच्या एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा आली. मार्च २०११ पासून आणखी एक अट आली. आलेली रक्कम पेपालच्या खात्यात ठेवून तिच्यातून खरेदी करायची नाही, सात दिवसांत इथल्या बँकेत उतरवायची. ऑक्टोबर २०११ मध्ये मर्यादा ३,००० झाली, जून २०१३ मध्ये १०,०००. त्या मधल्या काळात एकच पुस्तक ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’ करून बिलात मांडणारे भाषांतरकार मला माहीत आहेत. मी त्यातला नव्हे असं म्हणणार नाही.

आता चौकट वेगळी आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनी सीमापार पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची थेट परवानगी लागते, आणि एका वस्तूची वा सेवेची मर्यादा २५ लाख रुपयांवर गेली. पेपालनं तर १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या देशातला व्यवहारच सोडून दिला. पण घरचे आणि धंद्याचे यांच्यातली भिंत आहे तिथेच आहे.

*

रॉटरडॅमच्या एका गिऱ्हाइकाला वाईट वाटलं की माझ्या बिलातून पेपालची शेकडा चारहून जास्त फी कापली जाते. चांगला माणूस. म्हणाला, पुढच्या वेळी ‘मित्र आणि कुटुंब’वर टिचकी मारतो, फी वाचेल. त्याच्या देशात ते बटण आहे. त्यात फी कमी, पण बदल्यात संरक्षणही नाही. माल आला नाही तर तक्रार ऐकून घेत नाहीत, कारण मित्राकडून कुणी माल घेत नाही म्हणे. मी कळवलं की भारताकडे ते बटण दाबलं जात नाही. त्याचं उत्तर आलं: “म्हणजे तुमच्या देशाला आपली मैत्री मान्य नाही?”

मान्य असती तरी मी नको म्हटलं असतं. कामाचे पैसे भेट म्हणून घेतले की पुढे अडचणींची माळ लागते. जीएसटीत निर्यात म्हणून शून्य दर हवा असेल तर सेवा घेणारा देशाबाहेर हवा आणि मोबदला परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेनं मुभा दिलेल्या ठिकाणी रुपयांत आलेला हवा. तो तसा आल्याचा बँकेचा दाखला मिळतो, आणि त्या दाखल्यावर कोड असतो. कोड भेटीचा आणि बिल भाषांतराचं, मग माझा सीए चष्मा काढून कपाळ चोळतो. ते दृश्य मी एकदा पाहिलंय. पुन्हा नको.

*

पैशांबरोबर अशा अटी येणं आपल्याकडे काही नवीन नव्हे. हुंडी होती. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदतीची असली तर मुदत भरल्यावर. त्यातली शहाजोग हुंडी मला फार आवडते. तिचे पैसे कुणाही धारकाला द्यायचे नाहीत. बाजारात पत असलेल्या शहालाच द्यायचे. आणणारा अनोळखी असला तर त्यानं आपल्याला ओळखणारा पेढीवाला शोधावा आणि त्याच्यामार्फत यावं. आज केवायसी म्हणतात ते हेच, फक्त आधार कार्डाऐवजी गावातलं एक माणूस लागायचं.

आकडा फिरवू नये म्हणून हुंडीत रकमेबरोबर तिचं निम्मंही लिहीत. शंभर, म्हणजे पन्नासाचे दुप्पट. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. आणि पैसे एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचा जो मेहनताना, तो हुंडणावळ. जुन्या मराठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत परकीय चलनाच्या दरालाही हुंडणावळच म्हटलेलं सापडतं. हा शब्द आपण का सोडला कळत नाही. ‘फॉरेन एक्स्चेंज कन्व्हर्जन मार्जिन’ यात काय कापलं गेलं ते कळू नये अशीच सोय आहे. हुंडणावळ म्हटलं की खिशाला लगेच कळतं.

*

हुंडणावळीचं ताजं उदाहरण. बिल ३०० डॉलरचं. पाठवणाऱ्यानं ३०० पाठवले, पावती मला दाखवली. माझ्या बँकेत पोचले २८२. मधले १८ कुणी खाल्ले? त्याच्या बँकेचं माझ्या बँकेत खातं नाही, माझीचं त्याच्या बँकेत नाही. दोघींची खाती जिथे आहेत अशी तिसरी बँक मध्ये उभी होती. बँकवाले या खात्यांना अजून इटालियन नावानं ओळखतात. आमचं तुमच्याकडचं खातं ते नोस्ट्रो, म्हणजे ‘आमचं’. तुमचं आमच्याकडचं ते व्होस्ट्रो, ‘तुमचं’. आमच्या-तुमच्यात माझे अठरा गेले.

पाठवताना फॉर्मवर तीन पर्याय असतात. सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, सगळा घेणाऱ्याचा, किंवा वाटून. न बघता पुढे जाणारा माणूस बहुधा वाटून घेतो. मी आता बिलाच्या तळाला ठळक अक्षरांत लिहितो की खर्च तुमचा. निम्मे लोक वाचतात.

उरलेल्या २८२ चे रुपये करताना बँकेचा दर बाजारापेक्षा खाली, ते ठरलेलंच. त्यावर जीएसटी. तो रकमेवर नसतो, रूपांतराच्या ‘सेवे’वर असतो, आणि त्या सेवेची किंमत कायद्यानंच ठरवून दिलीय. लाखापर्यंत एक टक्का, पण कमीत कमी २५० रुपये. त्यावर १८ टक्के म्हणजे ४५ रुपये. तुम्ही दहा डॉलर आणा नाहीतर अडीचशे, ४५ ठरलेले. म्हणून छोटी बिलं मी साचवतो. चिपळूणच्या बाजारात सुटी कोथिंबीर घ्यायची नाही, जुडी घ्यायची, तसं.

*

माझी एक रक्कम अकरा दिवस अडकली होती. कंपनीचं नाव इथे नको. विचारलं की एकच उत्तर: ‘तपासणी चालू आहे.’ आठव्या दिवशी एका माणसानं (माणूसच असावा, कारण त्यानं शुद्धलेखनाची चूक केली) विचारलं, ‘इराणशी तुमचा काय संबंध?’

माझा इराणशी संबंध बन-मस्क्याइतका. बिलावर कामाचं वर्णन लिहिलं होतं: मुंबईच्या इराणी हॉटेलांवरच्या लेखाचं भाषांतर. त्या एका शब्दावर चाळणीनं मला धरलं. मी खुलासा लिहिला. शंभरेक वर्षांपूर्वी इराणातून मुंबई-पुण्याला आलेले लोक, त्यांची कोपऱ्यावरची हॉटेलं, संगमरवरी टेबलं, पानी कम चहा. दोन पानं झाली. बिलापेक्षा ते लिखाण बरं उतरलं होतं, पण त्याचे पैसे कुणी दिले नाहीत.

राग येतो, पण चाळणी कशासाठी आहे हेही ठाऊक आहे. अमेरिकेच्या निर्बंधांतल्या लोकांचे व्यवहार नीट अडवले नाहीत म्हणून मार्च २०१५ मध्ये पेपालला तिथल्या अर्थखात्याशी सुमारे ७७ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली होती. इतका दंड शेजाऱ्याला बसलेला पाहिल्यावर कुठलीही कंपनी इराणी चहावाल्याला सोडणार नाही.

आणि कधी कधी ही आंधळी चाळणी कामही करते. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी बांगलादेश बँकेच्या नावानं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे जवळजवळ ९५ कोटी डॉलरच्या मागण्या पाठवल्या. मनिलातल्या ज्या शाखेत पैसे जायचे होते ती ज्युपिटर स्ट्रीटवर. निर्बंधांच्या यादीत ‘ज्युपिटर’ नाव दुसऱ्याच कारणानं होतं, इराणशी जोडलेल्या जहाजाच्या. त्या शब्दावर यंत्र अडखळलं आणि माणसांनी बाकीच्या मागण्या उघडून पाहिल्या. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकल्यानं अडले. तरी ८ कोटी १० लाख गेलेच. माझे अकरा दिवस त्या मानानं स्वस्त.

बिलावर हल्ली ‘खाद्यसंस्कृतीविषयक लेख’ असं लिहितो.

*

सिंगापूरला भाऊ असेल तर आता फोनवरून जातात पैसे. यूपीआय आणि तिथलं पेनाऊ २१ फेब्रुवारी २०२३ ला जोडलं गेलं. दिवसाला ६० हजार रुपयांपर्यंत. पण तिथेही कारण दोनच, नातेवाइकांचा निर्वाह किंवा भेट. धंदा त्या पुलावरून जात नाही.

*

मनीऑर्डर आपल्याकडे १८८० साली सुरू झाली, आणि पुढची शंभर वर्षं कोकण त्यावर जगलं. ‘मनीऑर्डरवर चाललेला जिल्हा’ असं आमच्याबद्दल बोललं जायचं. त्यात हेटाळणी होती, पण खोटं नव्हतं. आजोबा परळच्या गिरणीत. दर महिन्याला फॉर्म यायचा, त्याच्या तळाला एक चतकोर, मजकुरासाठी. पोस्टमन नोटा मोजून द्यायचा आणि तो चतकोर आजीला वाचून दाखवायचा, कारण तिला वाचता येत नव्हतं. म्हणजे पैसे कशाचे ते अख्ख्या पडवीला कळायचं. बैलाचे. धाकट्याच्या फीचे. एकदा नुसतंच ‘खुशाल आहे’.

बँकांच्या जुन्या आंतरराष्ट्रीय संदेशातही अशी जागा होती, चार ओळींची, ओळीला ३५ अक्षरं. तिथे कुणी खुशाली लिहिलेली मी तरी पाहिली नाही.

*

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मुलीची डब्लिनची फी भरायला बसले होते. मदतीला मी. ए-२ फॉर्म, पॅन, विद्यापीठाचं पत्र. कारणाच्या यादीत त्यांचं बोट ‘भेट’वर गेलं. “मुलीलाच तर देतोय.” मी बोट धरून शिक्षणावर नेलं. भेट म्हणून पाठवलं आणि वर्षात १० लाखांच्या पुढे गेलं तर वरच्या रकमेवर २० टक्के आधी कापून ठेवतात. विवरणपत्र भरलं की ते वळते होतात, बुडत नाहीत, पण तोवर अडकतात. शिक्षणाचा दर वेगळा, बराच कमी. कर्ज काढून भरलं तर २०२५ च्या एप्रिलपासून काहीच नाही. तीच मुलगी, तेच पैसे, तोच बाप. फरक यादीतल्या ओळीचा.

त्यांनी विचारलं, माणूस एकूण पाठवू किती शकतो? वर्षाला अडीच लाख डॉलर, २०१५ पासून. २००४ साली ही योजना निघाली तेव्हा २५ हजार होते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया कोसळला तेव्हा दोन लाखांवरून एकदम ७५ हजारांवर आणले होते. त्यांचे वडील साठच्या दशकात मँचेस्टरला गेले तेव्हा घरच्यांनी लोणच्याची बरणी मुबलक दिली आणि परकीय चलन मोजून. गृहस्थ म्हणाले, “बरणीला कोड नव्हता ना?”

*

आता माझं घरचं प्रकरण.

गुहागरकडच्या गावात आमचं घर आहे, आई तिथेच राहते. वय ८४. गेल्या पावसात मागच्या पडवीची कौलं सरकली, वासे कुजले. न्यू जर्सीचा माझा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, दीड लाख पाठवतो, कौलं बदलून घे.” मी हो म्हणून गेलो आणि सहज सीएला सांगितलं. तो म्हणाला, “भाचा मामाला देऊ शकत नाही.”

देऊ शकतो, पण मला त्यावर कर पडतो. आयकर कायद्यात नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त आहे. परक्याकडून वर्षात ५० हजारांवर आली की सगळीच उत्पन्नात धरतात. आणि नातेवाईक कोण, याची यादी कायद्यात आहे. नवरा-बायको, भावंडं, जोडीदाराची भावंडं, आई-बापांची भावंडं, आपल्या आणि जोडीदाराच्या सरळ वरच्या आणि खालच्या पिढ्या, आणि या सगळ्यांचे जोडीदार. ही यादी घेणाऱ्याच्या बाजूनं वाचायची. भाच्याच्या बाजूनं पाहिलं तर मी त्याच्या आईचा भाऊ, यादीत आहे. माझ्या बाजूनं पाहिलं तर तो बहिणीचा मुलगा, यादीत नाही. म्हणजे मामानं भाच्याला दिलेले करमुक्त, भाच्यानं मामाला दिलेले करपात्र. कंसाचं काय झालं हे लक्षात ठेवून कुणी कलम लिहिलं असावं.

चुलत, मामे, आते, मावस, एकही भाऊ त्या यादीत नाही. ज्या भाषेत या चौघांना चार शब्द आहेत तिच्यात वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. काका, मामा, मावशी आणि आत्याचे यजमान हे चौघे मात्र आहेत, पण फॉर्मवर चौघांना मिळून एकच ‘अंकल’.

परदेशातल्या आप्ताला रुपयांत भेट द्यायची तर तिथे ‘नातेवाईक’ कंपनी कायद्यातला लागतो. त्या यादीत मामाही नाही. आई-बाप, नवरा-बायको, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण, एकत्र कुटुंबातली माणसं. संपलं. दोन कायदे, दोन गोतावळे. लग्नात मात्र आयकर खात्याला अचानक उदारपणा येतो. वधूवराला कुणीही काहीही द्यावं, करमुक्त. भाच्याला म्हटलं, कौलांसाठी मी पुन्हा बोहल्यावर चढतो. तुझी मामी काय म्हणते ते विचार.

*

याच भाच्यानं मागे गावच्या वाचनालयाला पैसे दिले होते, कपाटांसाठी. तेव्हा त्याचा पासपोर्ट भारतीय होता. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरत नाहीत. पुढे त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. आता त्याचा एक डॉलरसुद्धा विदेशी देणगी. ती घ्यायची तर वाचनालयाची केंद्राकडे नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. आमच्या ग्रंथपालांना दिल्लीचं खातं म्हटल्यावर ठसका लागला. कपाटांना अजून दारं बसायची आहेत.

परदेशातून रोख मिळण्याची जी पद्धत आहे, गल्लीतल्या दुकानात नंबर सांगून पैसे घ्यायची, तिच्यातही देणगी आणि व्यापार चालत नाही. घरखर्चासारखे खासगी पैसेच. एका वेळी २,५०० डॉलर, एका माणसाला वर्षात तीस वेळा. आखातातल्या पोरांच्या आया हे तीस नीट मोजतात.

*

२०२५ च्या मे महिन्यात बातमी आली की अमेरिका घरी पाठवलेल्या पैशांवर ५ टक्के कर लावणार. व्हॉट्सॲपवर हाहाकार. मग ते साडेतीन झालं, शेवटी कायद्यात १ टक्का राहिला, तोही १ जानेवारी २०२६ पासून आणि रोख किंवा तसल्या साधनांनी पाठवलं तरच. बँक खात्यातून पाठवणाऱ्याला नाही. पण त्या एका महिन्यात किती फोन झाले! रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये बाहेरून आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यांत मोठा होता, २०.५ टक्के, केरळ १९.७ वर. आपल्याला वाटतं आखात म्हणजे केरळ. दाभोळ-दापोलीला एकदा जाऊन घरं बघावीत.

*

कौलांचं शेवटी असं जमलं. नातवानं आजीला द्यावेत. तो सरळ खालची पिढी, यादीत आहे. आजीनं घर दुरुस्त करावं, घर तिच्याच नावावर आहे. सीए खूश. भाच्यानं स्वतःच्या बँक खात्यातून पाठवले.

चार दिवसांनी शाखेतून आईला फोन. मी तिथेच होतो; तिनं फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“आजी, तुमच्या खात्यावर अमेरिकेतून रक्कम आलीय. पाठवणारा कोण तुमचा?”

“मुलीचा मुलगा.”

“पैसे कशाचे आहेत?”

“कौलांचे.”

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. कीबोर्डचा आवाज येत होता. मग तो मुलगा म्हणाला, “भेट टाकतो हां, आजी. पी तेराशे दोन.” आई म्हणाली, काय टाकायचं ते टाक, पण गवंडी सोमवारी येणार आहे.